कवड्याचा निकाल

मी लहानपणी भांडकुदळ होते, असं आमच्या तांड्यातले लोक अजून सांगतात. साफ खोटं आहे. मी फक्त बरोबर असायचे आणि ते मोठ्यानं सांगायचे. एका कागदी बैलापायी अख्खा तांडा दुभंगला, त्या आठवड्यात तर शहाणी अशी मी एकटीच उरले होते. हे मी मरेपर्यंत म्हणत राहीन.

सन त्रेसष्टचा हिवाळा. मी, बिजली, चौथीत होते. आमचा नेमसिंग नायकाचा तांडा नाल्याच्या अलीकडे, आणि नाला ओलांडून पाऊण कोसावर सावरटेक गाव. शाळा गावात. एक खोली, चार वर्ग, एकोणीस पोरं, एक पुंडलिकराव गुरुजी आणि एक पत्र्याची पेटी.

ती पेटी म्हणजे आमचं ग्रंथालय. गुरुजी तसंच म्हणायचे, आणि कोणी हसलं तर त्याला उभं करायचे. एका मोठ्या शाळेनं ती अडगळीत फेकून दिली होती. कडी तुटलेली, बुडाला वाळवी, पुस्तकं ओलीनं फुगलेली. गुरुजींनी ती मागून घेतली, एसटीच्या टपावर चढवली आणि फाट्यापासून सायकलला बांधून ढकलत आणली. मग उन्हाळ्याची अख्खी सुट्टी त्यांनी कणकेची खळ शिजवली आणि आम्ही पोरांनी पानं चिकटवली. गुरुजींच्या घरी त्या महिन्यात पोळ्या कमी आणि खळ जास्त झाली असणार. वाळवीतून तीस पुस्तकं वाचली.

शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचा तास वाचनाचा. त्या तासाची मी सोमवारपासून वाट पाहायचे. सतरंजी पसरली जायची, पेटी उघडायची, आणि आम्ही ओळीनं हात पुढे करायचो. गुरुजी एकेकाचा हात नाकाशी नेऊन हुंगायचे. तेल, तिखट, लोणचं, कशाचाही वास आला की परत हौदावर. मग मागच्या शनिवारी नेलेलं पुस्तक प्रत्येकानं उभं राहून सांगायचं. ते ऐकून दुसऱ्या कोणी "मले पायजे थे पुस्तक" म्हटलं, तर सांगणाऱ्याला पुढची पहिली निवड. या एका नियमानं आम्हा एकोणीस पोरांना कीर्तनकार करून सोडलं होतं. दुसरीतलं पोरगं सुद्धा डोळे फिरवून, आवाज खाली नेऊन गोष्ट सांगायचं.

माझा डोळा होता समुद्राच्या पुस्तकावर. पेटीतलं सगळ्यात जाड. वर जहाजाचं चित्र, आणि जहाजाच्या चहूकडून पाणी. मी आयुष्यात पाहिलेलं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे श्रावणातला आमचा नाला. ते पुस्तक इतकं लोकप्रिय होतं की गुरुजींनी त्याला नंबर लावले होते. माझा नंबर बरोबर पुढच्या शनिवारी होता. माझ्या आधी नंबर लागून ते वाचून झालेली कौसल्या, पाटलाची पोरगी, मला मधल्या सुट्टीत नुसतं म्हणायची, "त्याच्यात एक मासोळी हाय, घरावून मोठी." आणि पुढे एक शब्द सांगायची नाही. माझा जळफळाट व्हायचा.

तर माझ्या नंबराच्या आदल्या शनिवारी कौसल्यानं "कवड्याचा धनी" नावाचं पातळ पुस्तक परत केलं. सांगायला उभी राहिली, निम्म्यापर्यंत झकास सांगितलं, आणि ऐन रंगात आल्यावर तिला खोकला आला. इतका की गुरुजींनी पाणी दिलं आणि बसवलं. मला वाटलं, हिनं पुढचं वाचलेलंच नाही, आता मी वाचते आणि पुढच्या शनिवारी हिची जिरवते. म्हणून मी "मले पायजे" म्हटलं. कौसल्याला पहिली निवड मिळाली, तरी तिचं तोंड उतरलेलंच. मी ते तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. कापसाची वेचणी चालू होती. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, मला शेतात नेलं आणि कमरेला ओटी बांधली. पण रुपीबाईनं माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं. रुपीबाई म्हणजे तांड्यातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. ती म्हणाली, "तू वेचू नोको व बिजले. धुऱ्यावर बस अन् मोठ्यानं वाच. तुही ओटी आमी भरतो."

हा आमचा जुना सौदा होता. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून वाचायचे, आणि बारा बाया जाता जाता एकेक मूठ माझ्या ढिगावर टाकायच्या. गोष्ट रंगली की मुठी मोठ्या व्हायच्या. त्या दिवशी माझा ढीग याडीच्या ढिगाच्या वर गेला.

गोष्ट अशी होती. एका गाडीवानाचा कवड्या नावाचा बैल वाटेत लंगडा झाला आणि बसला. गाडीवान त्याला रस्त्यावर सोडून निघून गेला. मागून एक गरीब वाटसरू आला. त्यानं बैलाला पाणी पाजलं, पाल्याचा लेप लावला, उठवला, दोन वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळला. कवड्या असा तयार झाला की राजाच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पहिला आला. मग गाडीवान धावत आला. म्हणाला, हा बैल माझा, मांडीवर माझा डाग आहे. भांडण राजापुढे गेलं. राजानं दोघांचं ऐकलं आणि म्हणाला, "उद्या सकाळी निकाल सांगतो."

मी पान उलटलं. पुढे पुठ्ठा.

"मंग?" रुपीबाई म्हणाली.

"संपलं."

"संपलं कसं? उद्या कोठी गेली?"

उद्या नव्हती. शेवटचं पान मुळापासून गायब. बाराच्या बारा बाया ओट्या सांभाळत माझ्याभोवती जमल्या आणि पुठ्ठ्याकडे बघू लागल्या.

"राजाले उद्या कायले पायजे?" रुपीबाईनं जाहीर केलं. "ज्यानं चारलं, त्याचा बैल. झालं."

नेमका तेव्हा देवसिंग कारभारी बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन कापूस भरायला आला. नायकाच्या खालोखाल तांड्यात त्याचा मान, आणि मान होता म्हणून त्याला प्रत्येक गोष्टीत बोलावं लागायचं. "असं कसं होईन?" तो बंडीवरूनच म्हणाला. "डाग कोनाचा हाय? ज्याचा डाग त्याचा बैल."

"रस्त्यावर टाकून गेला मेला!"

"टाकून नाई गेला. ठेवून गेला. आनाले येनार होता."

"दोन वर्सानं? शंकरपट जितल्यावर?"

वेचणी थांबली ती थांबलीच. संध्याकाळपर्यंत ही बातमी तांड्यातल्या प्रत्येक घरात पोचली आणि प्रत्येक घरानं बाजू घेतली. तुम्हाला वाटेल, काय वेडे लोक. पण आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरलेले. त्या फिरस्तीला लदेणी म्हणत. बसलेला बैल कोणाचा, यावरून लदेणीत खरोखरीची डोकी फुटलेली होती. रुपीबाईच्या आज्याच्या डोक्याला तर खोक होती, आणि ती कशापायी हे तिला अजून पाठ होतं.

सोमवारी नायकानं नसाब बसवली. आमच्याकडे पंचायतीला नसाब म्हणतात. लिंबाखाली घोंगडी पसरली, पुरुष गोलात बसले, बाया मागे. बायांनी नसाबीत बोलायचं नसतं. पण रुपीबाई मागे बसून आपल्या सुनेशी बोलायची, आणि ते नाल्यापलीकडे ऐकू जायचं.

मी मधे उभी राहून पुन्हा सगळी गोष्ट वाचली. नेमसिंग नायक कमी बोलणारा माणूस. त्यानं डोळे मिटून ऐकलं. मग देवसिंग उठला आणि म्हणाला, लदेणीचा कायदा असा, की बसलेला बैल सोडताना धन्यानं गळ्यातली घंटी काढून नेली तर बैलावरचा हक्क सोडला. घंटी राहू दिली तर बैल त्याचाच, तो परत येणार. जुन्या माणसांनी माना हलवल्या. मागून रुपीबाई सुनेला म्हणाली, "हे बाकी खरं हाय."

नायकानं डोळे उघडले. "पोरी, घंटी होती का?"

मी पुस्तक चाळलं. घंटीचा शब्दच नव्हता. पण चित्रं होती! पाचव्या पानावर कवड्या रस्त्यात बसलेला आणि गाडीवान पाठमोरा चाललेला. बैलाच्या गळ्यात घंटी. देवसिंगच्या बाजूनं आरोळी उठली. मी सातवं पान उघडलं. वाटसरू बैलाला पाणी पाजतोय. गळ्यात घंटी नाही. रुपीबाईच्या बाजूनं तिच्याहून मोठी आरोळी.

"मंग घंटी कोनं काढली?" नायक म्हणाला.

सहावं पान म्हणजे नुसती अक्षरं. त्यात रात्र झाली आणि कोल्हे ओरडले, एवढंच. दोन तास वाद चालला. देवसिंग म्हणे, घंटी वाटसरूनं काढली, म्हणजे तो चोर. रुपीबाई सुनेला म्हणे, चोर घंटी चोरतो अन् बैल उठवतो का व? कोणी म्हणालं कोल्ह्यानं नेली. शेवटी नायकानं हात वर केला. "निकाल लागेपावतर पुस्तक नसाबीत राहीन." आणि त्यानं ते लाल फडक्यात बांधून आपल्या घरी, देवाच्या कोनाड्यात ठेवलं.

"नायक, शनिवारी वापस द्या लागते!" मी ओरडले. "अन् हे सारं खोटं हाय. पुस्तकातलं हाय!"

नायक माझ्याकडे वळला. "खोट्यापायी इतले लोक भांडते का, बेटा?"



मंगळवारी दोन जावांनी चुली वेगळ्या केल्या. बुधवारी देवसिंगनं रुपीबाईच्या लेकाला बैलजोडी उसनी द्यायला नकार दिला. म्हणाला, तुमच्याकडे दिलेला बैल तुमचाच होतो म्हणतात. आणि गुरुवारी शाळेत पत्र आलं.

गुरुजींनी ते आधी मनात वाचलं, मग चष्मा पुसला, मग आम्हाला वाचून दाखवलं. शाळा तपासायला शनिवारी डिप्टी साहेब येणार होते. लहान गावांत पडून असलेल्या पुस्तकांच्या पेट्या मोठ्या शाळांत हलवायच्या होत्या. पुस्तकं नीट नसतील, कमी भरली किंवा वाचली जात नसतील, तर पेटी त्याच दिवशी साहेबांसोबत जाणार.

"घाबराचं काही काम नाई," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज घाबरलेला होता. "तीसच्या तीस पुस्तकं शनिवारी पेटीत पायजेत, बस."

कवड्या कोनाड्यात होता. पेटी गेली तर शनिवार गेला, सतरंजी गेली, हात हुंगणं गेलं. आणि माझा समुद्र! तीन महिने नंबराची वाट पाहून तो माझ्या हाताशी आला होता, आणि आता तो दुसऱ्या कोणाच्या गावाला जाणार होता. मी कौसल्याकडे पाहिलं. ती माझ्याहून पांढरी पडली होती. मला वाटलं, हिला कशाचं दुःख, हिनं तर मासोळी वाचलेली आहे.

शुक्रवारी शाळा सुटली तशी मी धावत नायकाच्या अंगणात गेले. सगळं सांगितलं. हात जोडले. रडले सुद्धा, आणि मी सहसा रडत नाही. नायकानं पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाला, "नसाबीत आलेली गोष्ट निकालाबिगर उठत नाई. आपल्या बापजाद्यांपासून नाई उठली."

"मंग आज निकाल द्या!"

नायकानं मिशीवरून हात फिरवला. "उद्या सकाळी सांगतो."

मी अंगणात असा पाय आपटला की त्याची कोंबडी छपरावर गेली. एक राजा काय कमी होता!

शनिवारी मी रिकाम्या हातानं शाळेत गेले. डिप्टी साहेब फाट्यावरून दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून आले. उंच, वाळके, कोट घातलेले, काखेत जाड नोंदवही. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. सरळ सतरंजीवर पुस्तकं मांडायला लावली आणि मोजली. मग परत मोजली.

"एकोणतीस."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. "एक नसाबीत हाय जी."

"कशात?"

"पंचायतीत, साहेब," गुरुजी हळूच म्हणाले.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "पुस्तकानं काय केलं?"

"पुस्तकानं नाई जी. बैलानं."

साहेबांना वाटलं, मी थट्टा करते आहे. त्यांचा चेहरा आवळला. ते म्हणाले, मोठ्या शाळेत आता नवी खोली बांधली आहे, काचेचं कपाट आणलं आहे, तिथं पुस्तकं सुरक्षित राहतील. इथं एक पुस्तक पंचायतीत, उद्या दुसरं बाजारात जाईल. त्यांनी पुस्तकं पेटीत भरायला सुरुवात केली. समुद्राचं पुस्तक सगळ्यात खाली गेलं. झाकण लागलं. साहेबांनी कोटाच्या खिशातून नवं कोरं कुलूप काढलं. गुरुजी पेटीपाशी उभे होते. त्यांच्या बोटांच्या पेरांना अजून खळ लागलेली होती, कारण आदल्या संध्याकाळी ते पुठ्ठे चिकटवत बसले होते. ते बघून मला इतकं वाईट वाटलं की मी समुद्र विसरले.

तेवढ्यात बाहेर बांगड्या वाजल्या. पाच-पन्नास हातांत कोपरापर्यंत चढवलेल्या बांगड्या एकदम चालत येतात, तेव्हा तो आवाज चुकत नाही. तांडा आला होता. पुढे नेमसिंग नायक, डोक्याला मोठं पागोटं. त्याच्या मागे देवसिंग, मग पुरुष, मग रुपीबाई आणि सगळ्या बाया, आरशांच्या फेट्या-कांचोळ्यांत, म्हणजे घागऱ्या-चोळ्यांत, उन्हाला लखलखत. नायकाच्या हातात पितळेचं ताट, ताटात लाल फडकं.

नायकानं ताट साहेबांपुढे ठेवलं आणि हात जोडले. "साहेब, तुमी सरकारी मानूस. पाच दिवस नसाब बसली, अर्धा तांडा इकडं अन् अर्धा तिकडं. चुली येगळ्या झाल्या. पोरगी म्हने आज मोठे साहेब येऊन राह्यले. आता तुमीच सांगा. बैल कोनाचा?"

साहेबांच्या हातात कुलूप तसंच राहिलं. "कोणता बैल?"

झालं. सगळे एकदम बोलायला लागले. साहेबांनी दोन्ही हात वर केले आणि एकेकाला बोलायला सांगितलं. देवसिंगनं डागाचं सांगितलं. रुपीबाईनं इथं नसाब नाही म्हणून सुनेला मधे न घेता थेट साहेबांना सांगितलं. साहेबांनी फडकं सोडलं, पुस्तक उघडलं, पाचवं पान पाहिलं, सातवं पान पाहिलं, परत पाचवं पाहिलं. मग ते दारातल्या उजेडात गेले. मग सतरंजीवर बसले.

"ही चित्रकाराची चूक आहे," ते म्हणाले.

"तुमी आतापावतर किती बैल पोसले जी?" रुपीबाईनं विचारलं.

"एकही नाही."

"हां," रुपीबाई म्हणाली, आणि त्या एका अक्षरात साहेबांची सगळी नोकरी वाहून गेली. पोरं खुसखुसली. कडेला बसलेली दुसरीतली पोरं तर एकमेकांच्या अंगावर पडली.

"पण पुस्तकात शेवटी काय आहे?" साहेबांनी पानं उलटली. "शेवटचं पान कुठे आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्या नाई फाडलं!" मी ओरडले. "देवाची शपत! माह्याकडे आलं तवाच नव्हतं!"

आणि कोपऱ्यातून हुंदका आला. कौसल्या उभी राहिली होती, नाक सरळ बाहीनं पुसत. "वासरानं खाल्लं," ती म्हणाली.

"काय?"

"म्या गोठ्यात बसून वाचून राह्यली होती. पुस्तक कडब्यावर ठेवलं अन् पानी प्याले गेली. वासरू खळ चाटता चाटता पानच चाटून गेलं. म्या तोंडात हात घातला जी, पन गिळलं त्यानं." ती हमसून रडायला लागली. "गुर्जी पेटी बंद करतीन म्हनून नाई सांगितलं."

देवसिंग म्हणाला, "बैलाचा निकाल बैलाच्याच जातीनं खाल्ला!" आणि अख्खी शाळा फुटली. गुरुजी भिंतीकडे तोंड करून हलत होते. साहेबांनी नोंदवही तोंडापुढे धरली होती. मी हसत नव्हते. मला एकदम कळलं होतं.

"म्हंजे तुनं शेवट वाचला!" मी कौसल्याचा हात धरला. "वासराच्या आंधी वाचला ना? खोकला खोटाच होता ना? सांग!"

नायकानं पागोटं सारखं केलं. कौसल्यानं डोळे पुसले आणि शनिवारी उभं राहून सांगायचं तसं, आवाज खाली नेऊन सांगितलं. "दुसऱ्या दिवशी राजा सिंहासनावर बसला. म्हने, तुमी दोघं भांडता, म्हनून बैल तुमच्यापैकी कोनालेच नाई. बैल आता माह्या तबेल्यात राहीन. तिथं त्याच्यासाठी चांदीची गव्हान हाय. मंग साऱ्यायनं राजाचा जयजयकार केला. संपलं."

सहा दिवसांत पहिल्यांदाच रुपीबाई आणि देवसिंग एकमेकांकडे बघत होते.

"ज्याचा डाग त्याचा नाई," देवसिंग म्हणाला.

"ज्यानं उठवला त्याचा बी नाई," रुपीबाई म्हणाली. "अन् ज्यानं नुसता डोळ्यानं पायला, त्याचा?"

"चांदीची गव्हान! बैल काय चांदी खाते?"

"आयतं वाढलेलं कोनाले गोड नाई लागत! तवा कोठी होता हा राजा, जवा बैल रस्त्यात बसला होता?"

नायक म्हणाला, "आमच्या तांड्यात असता, तर याले दंड बसला असता." सगळे राजावर तुटून पडले. दोन्ही बाजू एक झाल्या. वेगळ्या चुलीच्या जावा शेजारी शेजारी उभ्या राहून राजाच्या आईबापाचा उद्धार करत होत्या.

मी साहेबांच्या हाताकडे बघत होते. त्या हातात अजून कुलूप होतं, आणि हात पेटीवर होता. आता सांगते, मला शहाणपण वगैरे सुचलं नव्हतं. मला राग आला होता. रागात माझा आवाज चिरका होतो आणि सगळ्यांच्या वर जातो.

"साहेब," मी म्हटलं, "तुमच्या काचेच्या कपाटात बैल किती मावते जी?"

"बिजली!" गुरुजी ओरडले.

पण बोललेलं बाहेर पडलं होतं. आधी रुपीबाई गप्प झाली, मग देवसिंग, मग सगळे. एकेकाची नजर कुलपावर गेली. नायकानं पेटीकडे पाहिलं, तिची तारेनं बांधलेली कडी पाहिली, नवा पत्रा ठोकलेलं बूड पाहिलं. मग तो गुरुजींच्या बोटांकडे बघत राहिला. साहेबही तिकडेच बघत होते. त्यांनी कुलूप उचललं, हातातल्या हातात फिरवलं, आणि परत कोटाच्या खिशात टाकलं.

"मला पाणी मिळेल का?" ते म्हणाले.

पाणी प्यायल्यावर त्यांनी नायकाला विचारलं, "तुमचा निकाल काय?"

नायक उभा राहिला. "बैल ज्यानं उठवला त्याच्या घरी राहीन. पन दर पोळ्याले त्यानं बैल पयल्या धन्याच्या दारात न्यावा, अन् त्याच्या बायकोनं ओवाळावं. डागाचा मान डागाले." मग म्हणाला, "अन् राजाले तांड्यात पानी बंद."

साहेबांनी नोंदवही उघडली. "पुस्तकं तीस," ते बोलत बोलत लिहू लागले. "एकाचं शेवटचं पान वासरानं खाल्लं. सबब ते नव्यानं लिहून जोडावं." मग पेन थांबलं. "वाचक किती लिहू? शाळेचे एकोणीस."

"अन् आमी?" रुपीबाई म्हणाली.

"तुम्हाला वाचता येतं?"

"नाई. पन इचारा काय इचाराचं थे."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, तिला आणखी काही विचारायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी एकोणीसपुढे लिहिलं, "आणि एक तांडा." खाली लिहिलं, "पेटी आहे तिथेच असावी." सही केली. गुरुजींनी ते वाचलं, चष्मा काढला आणि पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

शेवटचं पान मी लिहिलं, नायकानं सांगितलं तसं, शब्द न शब्द. कौसल्यानं खाली कवड्याचं चित्र काढलं, गळ्यात घंटी. आम्ही दोघींनी मिळून ते चिकटवलं, आणि गुरुजींनी पुठ्ठ्यावर लाल शाईनं लिहिलं, "गोठ्यात वाचू नये." साहेब ते सगळं होईपर्यंत बसून होते. मग त्यांच्यासमोरच गुरुजींनी आमचे हात हुंगले, आणि जाताना साहेबांनी आपणहून हात पुढे केला. गुरुजींनी हुंगला. म्हणाले, "शाईचा वास आहे, साहेब. चालेल."

मग माझा नंबर आला. समुद्र इतका जड होता की मी तो नाल्यातून डोक्यावर धरून नेला, भिजू नये म्हणून.

रविवारी मी धुऱ्यावर बसले. बारा बायांनी ओट्या बांधल्या. त्या दिवशी कौसल्याही आली होती, मासोळीच्या वेळी माझं तोंड बघायला. देवसिंग बंडीवर बसून होता, कापूस भरायला दुपारी यायचं असून सकाळीच. मी पुस्तक उघडणार, तोच रुपीबाई म्हणाली, "थांब. पयले शेवटचं पान हाय का पाय."

मी पाहिलं. होतं. कोपरा सुद्धा दुमडलेला नव्हता.

"हां. वाच आता."

मी पहिलं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "समुद्राच्या काठी दोन भाऊ राहत होते, आणि त्या दोघांची मिळून एकच होडी होती."

देवसिंगनं बंडीवरून खाली उडी मारली.